म्हाळबानं मासे पाळले

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतोच, त्यात विशेष काही नाही. पण हिंगणवाडीचा म्हाळबा इतका भोळा होता, की त्याच्याकडे बघून बाकीचं सगळं गाव स्वतःला हुशार समजू लागलं होतं. गावावर त्याचे हे उपकारच म्हणायचे.

म्हाळबात तशी खोट काही नव्हती. व्यसन नाही, भांडण नाही, आळस नाही. सांगाल ते काम करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. सगळी अडचण या 'तसंच'मध्ये होती. "पट्टा फिरतुया तवर गिरणीपासनं हलू नगंस," असं आईनं एकदा सांगितलं. दळण संपलं. गिरणी रिकामीच गरगरत राहिली, आणि पट्टा फिरतोय म्हणून हा तिथंच उभा. बंद करायची तर खटक्यापर्यंत हलावं लागलं असतं. दुपारी वीज गेली, तेव्हा कुठं बिचारा घरी जेवायला आला.

त्याच्या आईला, अनुसयाबाईला, याचा फार घोर होता. "म्या हाय तवर म्या सांगतीया. माझ्या माघारी ह्येला कोण सांगणार?" असं ती ज्याला त्याला म्हणायची. तिला शहाणी सून हवी होती. पण शहाण्या मुली शहाण्याच असल्यामुळे नकार देत होत्या. शेवटी तालुक्याच्या गावच्या एका मुलीकडून होकारासारखं काहीतरी आलं. मुलगी शालन. शिवणाचा क्लास चालवायची. "रविवारी येऊन घर बघतो, मग सांगतो," असा निरोप होता. निरोप आणणाऱ्यानं जाता जाता सांगितलं, "पोरीला रंगीत माशांचा लई नाद हाय."

अनुसयाबाईनं तिथंच ठरवलं, सोप्यात माशांची काचेची पेटी मांडायची. घर बघायला येणाऱ्यांना घरात बघण्यासारखं काहीतरी हवं. म्हाळबाकडं फार वेळ बघू देणं धोक्याचं होतं.

म्हाळबा तालुक्याला गेला. बागवानचाचांचं रंगीत माशांचं दुकान होतं. चाचांनी पेटी दिली, बुडबुडे काढणारा पंप दिला, तळाशी घालायची जाड वाळू दिली. म्हणाले, "आधी वाळू स्वच्छ धुवा. पेटीत पसरा, पाणी भरा, पंप चालू ठेवा. पाणी एक-दोन दिवस तसंच राहू द्या, मग मासे न्या. घाई नको."

म्हाळबानं वाळू स्वच्छ धुतली. साबणाच्या पावडरीत भिजत घातली, धोपाटण्यानं बडवली आणि पेटीत पसरली. पाणी भरून पंप सुरू केला. पंप बुडबुडे काढू लागला आणि पेटीतून फेस वर आला. फेस सोप्यात आला. सोप्यातून अंगणात आला. कोंबड्या ओरडत परड्यात पळाल्या. अनुसयाबाईनं पंप बंद केला आणि लेकाला परत चाचांकडं धाडलं.

"साबण?" चाचांनी कानाला हात लावले. "अरे बाबा, साबणाचा थेंब राहिला तरी मासा मरतो. नुसत्या पाण्यानं धुवायचं. हातानं चोळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, परत नवं पाणी घ्यायचं. पाणी निवळ येईपर्यंत सोडायचं नाही. ध्यानात राहील?"

"ऱ्हाईल की," म्हाळबा म्हणाला. आणि खरंच राहिलं. त्याच्या ध्यानात राहायचं, हीच तर भीती होती.

वाळू तर नीट धुऊन झाली. दुसऱ्या दिवशी शेजारची पारूकाकी डबा घेऊन गिरणीत आली. "म्हाळबा, पिठात खडं लागत्यात बाबा. दाताखाली कचाकचा. जरा साफ करून दे."

म्हाळबानं पीठ घमेल्यात ओतलं, वर पाणी घातलं, हातानं चोळलं. पाणी गढूळ आलं. ओतून दिलं. परत घातलं, परत चोळलं, परत ओतलं. बराच वेळ लागला, पण माणूस चिकाटीचा. शेवटी पाणी अगदी निवळ आलं. घमेल्याच्या तळाशी खडे होते, ते त्यानं पुसून डब्यात घातले.

"घ्या काकी. तुमचं खरं हुतं. खडं हुतंच."

पारूकाकीनं डब्यात बघितलं. "आन् पीठ?"

"गढूळ हुतं त्ये समदं ग्येलं."

पारूकाकीचा आवाज आधीच मोठा होता. अनुसयाबाई घरातून धावत आली, आपल्या डब्यातलं पीठ तिला काढून दिलं, हात जोडले, आणि ती गेल्यावर लेकाकडं वळली. "आरं मुडद्या, पीठ धुत्यात व्हय? चाळणीत घालायचं आन् चाळायचं. खाली पडंल त्ये आपलं. चाळणीत ऱ्हाईल त्ये उकिरड्यावर. कळलं?"

"कळलं, आये."

शनिवारी मासे आले. नारिंगी, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे, फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर लावलेलं. म्हाळबानं पेटीवर चाळण धरली आणि पिशवी तिच्यात ओतली. पाणी खाली पडलं. ते आपलं. चाळणीत मासे राहिले.

मासे दिसायला देखणे होते. म्हाळबाला वाईट वाटलं. पण आईनं सांगितलेलं त्यानं कधी मोडलं नव्हतं. तडफडणाऱ्या माशांची चाळण घेऊन तो जड पावलांनी उकिरड्याकडं निघाला. नशीब माशांचं, की अनुसयाबाई सरपण घेऊन त्याच दारानं आत येत होती. तिनं मोळी टाकली, चाळण हिसकावली आणि पेटीत उपडी केली.

"जितंजागतं जीव हाईत त्ये!" ती धापा टाकत म्हणाली. "पावणं हाईत आपलं. पावण्यावानी बघायचं त्यांच्याकडं!"

पाहुण्यांकडे कसं बघायचं, हे म्हाळबाला चांगलं ठाऊक होतं. आधी गूळपाणी. गुळाचा खडा पेटीत गेला. मग चहा. तो त्यानं बशीत ओतून, निववून दिला, कारण माशांची तोंडं नाजूक. मग जेवण. भाकरी कुस्करून घातली, वर पिठलं वाढलं. आग्रह केला. मासे 'नको' म्हणाले नाहीत, तेव्हा आणखी वाढलं. पेटीत आता मासे दिसत नव्हते, नुसतं पिठलं दिसत होतं. पण पाहुणे तृप्त झाल्याचं समाधान घेऊन म्हाळबा झोपला.

सकाळी सगळे मासे वर आले होते, पोटं आभाळाकडं करून.

"आये, जेवान अंगावर आलंया त्यांच्या," म्हाळबा हळूच म्हणाला. "आडवं झाल्यात जरा. उठवू नगंस."

अनुसयाबाई मटकन खाली बसली. रविवार उजाडला होता. दोन घटकांत माणसं यायची होती. तिला रडू आलं, तिनं पदरानं डोळे पुसले, आणि म्हाळबाला पहिल्या गाडीनं तालुक्याला पिटाळलं. स्वतः पेटी रिकामी केली, घासली, नवं पाणी भरलं.

बागवानचाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग नव्या माशांची पिशवी देताना एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाले, "खायला फक्त चिमूटभर. थोड्या वेळात जे उरेल ते लगेच उचलायचं, नाहीतर घाण होते. भुकेलेले दिसले तरी परत घालायचं नाही. ते कायमच भुकेलेले दिसतात."

म्हाळबा पिशवी घेऊन घरी पोचला, तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. शालन आणि तिचे वडील, तुकारामतात्या. आईनं आतून बशा आणि पोह्यांचं पातेलं पुढं केलं. "जा, पावण्यांस्नी खायाला घाल. नीट घाल."

म्हाळबानं नीट घातलं. प्रत्येक बशीत एक चिमूट. तात्यांनी बशीकडं बघितलं, म्हाळबाकडं बघितलं, आणि चिमूट तोंडात टाकली. पाहुणचाराची ही नुसती सुरुवात असावी, असं त्यांना वाटलं. म्हाळबा समोर उभा राहून टक लावून बघत होता. शालनच्या बशीत चार पोहे उरले होते, ते त्यानं झटकन उचलले. तात्यांची बशीही काढून घेतली.

तात्या म्हणाले, "अहो, आणखी थोडे..."

"न्हाय," म्हाळबा म्हणाला. "तुमी कायमच भुकेल्यालं दिसता."

तात्या उठलेच. त्यांनी टोपी घातली. आतल्या दाराआड अनुसयाबाईनं तोंडावर पदर धरला. एवढी एक सून, तीही चिमूटभर पोह्यांत गेली, असं तिच्या मनात आलं.

पण शालन उठली नव्हती. तिचं लक्ष म्हाळबाकडं होतं. पाहुण्यांचं उरकून तो पेटीशी गेला होता आणि पिशवी उपडी करण्याच्या बेतात होता.

"अहो, थांबा!" ती ओरडली. "असं एकदम सोडू नका. मरतील ते."

म्हाळबा हात तसाच धरून थांबला.

"नवा जीव एकदम आत सोडायचा नसतो," शालन जवळ येऊन सांगू लागली. क्लासातल्या मुलींना सांगायची, तसंच. "बाहेरचं पाणी वेगळं, इथलं पाणी वेगळं. तो हबकतो. त्याला आहे तिथंच बंद राहू द्यायचं. इथलं थोडं पाणी त्याच्या अंगावर घालायचं, थांबायचं. परत थोडं घालायचं, परत थांबायचं. त्यानं कितीही धडपड केली, तरी दया येऊन मध्येच काढायचं नाही. सवय झाली की मग सोडायचं. आपोआप रमतो."

म्हाळबानं पिशवी पेटीत तरंगत ठेवली आणि वाटी घेऊन बसला. थोडं पाणी घातलं. थांबला. परत घातलं. परत थांबला. पापणीसुद्धा हलवत नव्हता. शेवटी मासे बाहेर सोडले, तेव्हा ते असे सळसळत गेले, की तात्यांनीही टोपी काढली आणि बघत बसले. म्हाळबाच्या हातून काही धड झाल्याचा हिंगणवाडीतला हा पहिलाच प्रसंग.

परतीच्या वाटेवर शालन म्हणाली, "मला पसंत आहे."

"आणि पोहे?" तात्या म्हणाले. त्यांना अजून भूक लागलेली होती.

"ते त्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार. मी सांगितलेलं बघितलंत ना? अक्षर न् अक्षर ऐकलं. असा नवरा मिळतो का कुठं? आता यापुढं मीच सांगणार."

मुलगी खरोखरच शहाणी होती. आणि शहाण्या माणसाला आपण सांगितलेलं अंगाशी येईल, असं स्वप्नातही वाटत नाही.

अनुसयाबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि पोटभर रडून घेतलं. आपल्या माघारी म्हाळबाला सांगणारं माणूस मिळालं होतं. लग्न तालुक्याला झालं, दणक्यात झालं. मांडवात भटजी सांगतील तसं म्हाळबा करत गेला, त्यामुळे कुठं काही चुकलं नाही.

संध्याकाळी नवरानवरीची मोटार हिंगणवाडीत आली. दारात आयाबायांची ही गर्दी. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. अनुसयाबाई हातात भाकरतुकडा घेऊन उभी. सुनेवरून तो ओवाळून टाकायचा, सुनेनं पायानं माप लवंडायचं आणि घरात यायचं.

म्हाळबा आधी उतरला. शालन शालू सावरत उतरायला लागली.

"थांबा!" म्हाळबा म्हणाला, आणि त्यानं मोटारीचं दार लावून घेतलं. "एकदम आत न्हाय."

बायका खुदखुदल्या. "नाव घ्यायला लावतुया गं! घे, घे!"

शालन लाजली. तिनं काच खाली करून नाव घेतलं:

"काचेच्या पेटीत मासे पोहतात छान,
म्हाळबारावांच्या घरात मला पहिला मान."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाळबानंही वाजवल्या. मग तो आत गेला, रांजणातून तांब्या भरून आला आणि उघड्या काचेतून शालनच्या डोक्यावर ओतला.

टाळ्या थांबल्या. म्हाळबाही थांबला. नीट, न हलता, तिच्याकडं बघत थांबला. मग आत जाऊन दुसरा तांब्या घेऊन आला.

"अहो!" मुंडावळ्या नाकाला चिकटलेली शालन किंचाळली. "वेड लागलं का तुम्हाला?" ती दार ढकलू लागली. म्हाळबानं बाहेरून दार घट्ट दाबून धरलं. तिची धडपड बघून त्याला दया आली, पण त्यानं ती आवरली. दुसऱ्या हातानं तो तांब्याही ओतला.

"म्हाळ्या!" अनुसयाबाई भाकरतुकड्यासकट धावली. "आरं, काय करतुयास ह्ये?"

"आये, घरचंच पानी हाय," म्हाळबा म्हणाला. "ह्येंनीच सांगितलंया."

शालननं तोंड उघडलं. सांगितलं तर तिनंच होतं. तिनं तोंड मिटलं. मग निथळत्या हातानं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून ती म्हणाली, "गाडी माघारी घ्या!"

ड्रायव्हरही निम्मा भिजला होता. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मोटार वळली आणि धुरळा उडवत तालुक्याच्या वाटेला लागली. अनुसयाबाई भाकरतुकडा तसाच हातात घेऊन उंबऱ्यावर बसली.

आणि म्हाळबा तिसरा तांब्या भरून, तो हिंदकळू न देता मोटारीमागं पळत होता, जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "आवं, थांबा! झालंच हुतं! ह्यो येवढा येकच तांब्या ऱ्हायलाय!"