उखाण्यातलं नाव

येवल्याच्या दामोदरशेठांनी पैठणीच्या दुकानाची वेबसाइट काढली आणि मजकूर लिहायला हेमांगीला सांगितलं. तिचा कागद वरवर चाळून शेठ उखडले.

"दुकानाचं नाव एकदाच? ओळीओळीत घाला, तरच सर्चमध्ये वर येऊ! जमत नसेल तर दुसरा लेखक बघतो."

हेमांगीला काम हवं होतं, पण असलं लिहायला हात धजेना. शेजारी साड्यांच्या घड्या घालणाऱ्या शेठाणींना तिने शांतपणे विचारलं, "काकू, लग्नातल्या उखाण्यात शेठजींचं नाव किती वेळा घेतलंत?"

"एकदाच की!" काकू लाजल्या. "पण अख्खा उखाणा नणंदांना अजून पाठ आहे."

"शेठजी, सर्चही तेच बघतं," हेमांगी म्हणाली, "नाव किती वेळा आलं ते नाही, मांडवातली माणसं कुठे थांबून ऐकतात ते."

शेठांनी कागद पुन्हा उचलला. या खेपेस शेवटपर्यंत वाचला.