देखणी पुडी

एका जंगलात तंबाखूची पुडी राजापेक्षा देखणी होती. वर पिसारा फुलवलेला मोर, मोराला सोनेरी तुरा, आणि अगदी तळाशी, मुंगीलाच वाचता यावं एवढ्या बारीक अक्षरांत, 'खाल तर मराल'. मुंग्या तंबाखू खात नसत.

तिथली पिल्लं रिकाम्या पुड्यांचा डाव मांडायची. दगड मारून रिंगणाबाहेर उडवली की पुडी आपली! टिटवीबाईंचा झिपऱ्या यात भलताच पटाईत. एके दिवशी तो भरलेली पुडीच घेऊन घरी आला.

"हे काय रे मेल्या?"

"रिकाम्या संपल्या गं आई!"

टिटवीबाईंनी पुडी हिसकावून घेतली. त्यांच्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आता त्याची चोच निम्मी कुजली होती आणि तो पेजेवर जगत होता.

त्या तडक राजसभेत गेल्या. "महाराज, पुडी मातकट करा. मोर नको, तुरा नको. माझ्या भावाच्या चोचीचं चित्र छापा."

आता टिटवी ओरडली की अपशकुन, हे तर जगजाहीर. अपशकुन टळावा म्हणून निम्मी सभा थू थू करून थुंकली. सभागृहाची भिंत तपकिरी झाली.

तंबाखूचे मालक तरसशेठ सभेचे सदस्यही होते. ते गरजले, "बंधूंनो! आज मोराचा पिसारा काढतील, उद्या वाघोबांचे पट्टे काढतील!" वाघोबा दचकून जागे झाले.

"आणि माझ्या कलेचं काय?" मोराने डोळे पुसले.

आरोग्यमंत्री कोल्होबा उठले. "साध्या पुड्या केल्या तर शेजारच्या जंगलातून चोरटा माल येईल. आपल्या पिल्लांनी परक्या तंबाखूने मरायचं? हा देशाभिमान?"

"मोर वाचवा, जंगल वाचवा!" सभा दणाणली.

सिंहमहाराजांनी तोंडातला बार डाव्या गालातून उजव्या गालात सरकवला आणि समिती नेमली. अध्यक्ष तरसशेठ. तंबाखूतलं त्यांच्याइतकं कळतं कोणाला?

समिती अभ्यासदौऱ्यावर गेली, जाड होऊन परतली. अहवाल वाचला गेला. "रंगीत वेष्टनाची पिल्लांना भुरळ पडते, हे समितीला मान्य आहे."

टिटवीबाईंनी आनंदाने गिरकीच घेतली.

"सबब मध, आवळे, औषधी मुळ्या, खेळणी, सगळ्यांची वेष्टनं मातकट होतील. तंबाखू मात्र घातक आहे. ती चुकून कोणी खाऊ नये, लांबूनच ओळखू यावी, म्हणून तिची पुडी अधिक रंगीत राहील."

टाळ्याच टाळ्या! टिटवीबाईंची गिरकी हवेतच राहिली.

बाजार मातीसारखा झाला. त्यात एकच दुकान झगमगत होतं. झिपऱ्याची मान आपोआप तिकडे वळली.

"ते घातक आहे, बाळा."

"मग आई, ते एकटंच छान का दिसतं?"

टिटवीबाईंकडे ना सभा होती, ना समिती. पण आवाज होता. त्या दुकानासमोरच्या दगडावर बसल्या आणि जीव खाऊन ओरडू लागल्या. टिटीव टिटीव!

आणि काय गंमत! ज्यांना कुजलेल्या चोचीची भीती वाटली नव्हती, त्यांना अपशकुनाची वाटली. हरणं आल्या वाटेने परत गेली. रानडुकरं तर धूम पळाली. दुकानात सकाळभर माशी फिरकली नाही. झिपऱ्या आईशेजारी बसून तिच्या सुरात सूर मिळवत होता. पुड्यांचा डाव त्याला आठवलासुद्धा नाही.

पुडीवर निर्णय घ्यायला सरकारला कित्येक ऋतू लागले होते. टिटवीबाईंवरचा निर्णय जेवणाच्या सुट्टीआधी झाला. दोन लांडगे आले आणि त्यांना उचलून घेऊन गेले. आरोप होता, पिल्लांच्या आरोग्याला घातक आवाज काढल्याचा.

संध्याकाळी दुकानासमोर पुन्हा रांग लागली. रांगेत झिपऱ्याही होता. घरी अडवायला आता कोणी नव्हतं.

कोल्होबांनी निवेदन काढलं, "जंगलात शांतता असून परिस्थिती झपाट्याने पूर्वपदावर येत आहे."