मागची जागा

विमाने लाकडाची, कापडाची आणि तारांची असत, त्या काळी एक वृद्ध विमानकार आपल्या शिष्यासह सैन्यासाठी विमाने घडवीत असे. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. विमान पहिल्यांदा उडे तेव्हा पुढे वैमानिक बसे आणि मागच्या जागेवर ते घडवणारा.

मग सेनापतींनी एकाच पंखजोडीचे, एकट्या वैमानिकाचे लढाऊ विमान मागितले. शिष्याने मागची जागा काढून टाकली, वजन उतरवले आणि एक देखणे विमान उभे केले. उड्डाणाच्या आदल्या दिवशी तरुण वैमानिक ते पाहायला आला.

"बरं झालं, कारागीर," तो शिष्याला हसून म्हणाला, "या खेपेला माझ्या मानेवर तुमची ओकारी नाही."

"तुम्ही सरळ चालवलं असतं तर मागच्या खेपेलाही नसती."

तेवढ्यात गुरूने मजुरांना सांगितले, "विमान उलटं करा."

चाके वर, पाठ खाली, असे विमान लाकडी टेकूंवर ठेवले गेले. गुरू पंखांवर वाळूची पोती रचू लागला. उडताना हवा पंखांना खालून रेटते. तो रेटा जमिनीवर आणायचा तर विमान उलटेच हवे, हे शिष्याला कळत होते. पण पोती थांबेनात.

"गुरुजी, उद्या सेनापती येणार आहेत. एवढा भार साध्या उड्डाणात कधीच येत नाही."

"हा वैमानिक साध्या उड्डाणाला निघालाय का? शत्रू पाठीशी लागला की हा खाली झेपावेल आणि झटक्यानं वर उठेल. तेव्हा हवा किती रेटेल, मला नेमकं ठाऊक नाही. माझा अंदाज चुकतही असेल." गुरू मजुरांकडे वळला. "अजून एक पोतं घाला."

पंखाला ताणून धरणारी तार तुटली. पंख मुळापासून मोडला आणि वाळू जमिनीवर सांडत राहिली. वैमानिक वाकून आपल्या जागेकडे पाहत होता. तिथला पट्टा उलटा लोंबत होता.

"माझं विमान मोडलंत तुम्ही," शिष्य कसाबसा म्हणाला.

गुरूने तुटलेली तार उचलली. "मागच्या विमानात ही केवढी होती?"

"हिच्या दुप्पट जाड."

"मग बारीक का केलीस?"

"वेगासाठी."

"वेग तर सेनापतींना तेव्हाही हवा होता."

शिष्याने ती तार हातात घेतली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

गुरू हळू आवाजात म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस, बाळ. मागे स्वतः बसायचं असे, तेव्हा तुझी भीती आपणहून जाड तार निवडी. जागा काढलीस, तिच्याबरोबर भीतीही उतरली. तुझ्या जागी मी असतो तर माझंही हेच झालं असतं, म्हणून मला झोप नव्हती. मागची जागा गेली, तर निदान ही पोती असू देत."

दुसऱ्या दिवशी सेनापती चिडून परत गेले. पुढे नवा पंख तयार झाला, विमान पुन्हा उलटे झाले. पोती रचता रचता गुरू म्हणाला, "आता पुरे."

वैमानिक जवळच उभा होता. शिष्याने त्याच्याकडे एकदा पाहिले.

"अजून एक," तो म्हणाला.