भिंगरीची गिरकी

फार वर्षांपूर्वी, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. बर्फाहून कितीतरी थंड पेटीत, नव्या तऱ्हेच्या संगणकातली इवलीशी भिंगरी गिरकी घेत गणित सोडवत होती. गिरकी मोडली की गणित पुसलं जाई. आज मोडली, तर संगणक बनवणारे भिंगरीला काढूनच टाकणार होते.

तारमावशीचा जीव टांगणीला लागला. बाहेरून पेटीत उतरलेली ही तार घडीघडी विचारी, "बरी आहेस ना गं बाळा?" आणि भिंगरी अडखळे.

"पेटी गार ठेवणाऱ्या त्या पंपाची धडधड बघा! तिनेच पोर अडखळतंय. मेल्याला दम म्हणून नाही," मावशी चिडली.

पंप हसला. "मावशी, मी दाराबाहेर. तू विचारतेस, तेव्हा तुझ्यासोबत बाहेरची ऊब आत जाते. तिनेच भिंगरी डळमळते."

विचारायचं अगदी ओठांवर आलं, ते मावशीने गिळलं. भिंगरी फिरत राहिली आणि गणित पुरं करूनच म्हणाली, "मावशी, आता विचार!"

मावशीने विचारलं, उत्तर घेतलं. मग शेजारच्या तारेला म्हणाली, "अगं, लेकरू फिरतंय तोवर विचारू नकोस. पुढच्या तारेलाही सांग."