सोमलीचं रिंगण

हा खडक बघा. वर गोल वाट झिजलीय, बैलगाडीच्या चाकोरीएवढी खोल नाही, पण पाय ठेवला की कळते. इथं गवत धरत नाही. याला आम्ही सोमलीचं रिंगण म्हणतो.

फार पूर्वी आमचा लमाणांचा तांडा बैलांवर मीठ लादून या वाटेनं जायचा. हजार बैल होते म्हणे. वाटेतल्या पाणवठ्यांची नावं एका गाण्यात ओवलेली. ते गाणं नायकाची आई सोमली पुढं चालत म्हणायची आणि तांडा पाण्याला लागायचा.

एकदा राजाकडून एक शास्त्रीबुवा गाणं लिहून घ्यायला आले. माणूस भला होता. त्यांनी सोमलीला तीन दिवस झाडाखाली बसवलं. "बाई, ही ओळ पुन्हा. आता ती मधली." बैल खूर आपटत होते, पण पाहुण्याला नाही कसं म्हणावं? पोथी भरली, तांडा निघाला, शास्त्रीबुवाही सोबत. या खडकापाशी आल्यावर सोमलीला पुढचं पाणी आठवेना. बसून तुकडे केलेलं गाणं जुळेना.

ऊन तापलेलं, बैलांच्या जिभा बाहेर.

धावजी नायक म्हणाला, "शास्त्रीबुवा, काढा पोथी. आहे का त्यात पाणी?"

पोथीत नावं सगळी होती. कुठल्यानंतर कुठलं, ते नव्हतं.

सोमली म्हणाली, "थांब रे पोरा, पायांना विचारते." आणि तापल्या खडकावर अनवाणी गोल चालू लागली. एक फेरा, दहा फेरे. बायाही तिच्या मागोमाग निघाल्या, टाळ्यांचा ठेका धरला. सूर्य कलला तेव्हा तिच्या तोंडून नाव निघालं, जांभळीचा झरा!

पुढचे बैल झऱ्याकडं उतरले. मागचे अजून लांब होते. त्यांनाही ऐकू जायला हवं म्हणून ती गातच राहिली, फिरतच राहिली. शास्त्रीबुवाही तिच्यामागं चालत होते, असं सांगतात, पोथी खाली ठेवून. शेवटचा बैल उतरला तेव्हा सोमली बसली. बसली ती उठलीच नाही.

आजही आमच्यात ते गाणं कुणी बसून म्हणत नाही, आणि बसून कुणाला ऐकवतही नाही. तुम्ही विद्यापीठातून लांबून आलात, गाणं टिपायचंय म्हणता. टिपा की. ते यंत्र गळ्यात अडकवा, वहाणा इथं काढा, आणि या माझ्या मागं. जरा झपाझप चला, बैल तहानलेत.