माईंना भरवताना

"पण माई, पोट भरलं हे माणसाला कळतं कसं?"

केतकी नारखेडेने हे विचारलं तेव्हा तिच्या आवाजात परीक्षकाचा सूर होता. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, समोरच्याला येतं का तेवढं बघायचं, असा.

सरूमाई ओसरीवर बसल्या होत्या. गिरणा नदीच्या काठावर दोन खोल्यांचा त्यांचा मठ. मठ आपला म्हणायचा. आत ना मूर्ती, ना गादी. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घर पुतण्याच्या हवाली करून त्या इथे येऊन राहिल्या. केतकीची आई त्यांची विद्यार्थिनी. त्यामुळे केतकीला त्या लहानपणापासून ओळखत होत्या आणि तिच्या तोऱ्याचं त्यांना कौतुकच वाटे.

"आज हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

मग केतकीने सगळं सांगायला घेतलं. ती विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. होस्टेलच्या मेसमध्ये पोरी कशाही जेवतात, हे तिला बघवत नसे. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पोळी. भाजी कसली होती म्हणून विचारावं, तर सांगता यायचं नाही. परीक्षा जवळ आली की नुसत्या चहा-बिस्किटांवर दिवस काढायचे.

म्हणून तिने मुलींचा एक गट काढला. मोबाईल खोलीत ठेवून यायचं. पहिला घास डोळे मिटून घ्यायचा. प्रत्येक घास ठरवून दिलेल्या वेळा मोजून चावायचा. भूक लागली की आधी स्वतःला विचारायचं, ही खरी भूक की नुसता कंटाळा?

गट वाढला. विद्यापीठात तिचा सत्कार झाला. वर्तमानपत्रात फोटो आला, तो आईने कापून कपाटाला चिकटवला.

"बरं. मग?" माईंनी विचारलं.

मग मनाली...

मनाली पहिल्या वर्षाची मुलगी. गटात सगळ्यांत मन लावून करणारी तीच. परवा मेसमध्ये ती अर्ध्या ताटावर थांबली आणि केतकीकडे बघत बसली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ताई, मला अजून भूक आहे की नाही ते तुम्हीच सांगा ना, मला कळेनासं झालंय. आणि रडायला लागली. ताटातला वरणभात तसाच निवून गेला.

हे सांगता सांगता केतकीचा मघाचा सूर कुठल्या कुठे गेला होता.

"तू काय सांगितलंस तिला?"

"काहीच नाही."

सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. स्वतःला कडकडून भूक कधी लागली होती, तेही तिला आठवत नव्हतं. वेळ झाली की ती ताटावर बसे आणि नियम सांगेल तेव्हा उठे. पण हे ती माईंना बोलली नाही. आपल्या नियमांत कुठे कमी राहिली, अजून एखादा घालायला हवा का, एवढंच तिने विचारलं.

माईंनी उजवा हात पुढे केला. कोपरापर्यंत प्लास्टर होतं. नदीवर पाय घसरून पडल्या होत्या. रोज भरवायला येणारी शेजारीण आज लग्नाला गेली होती. जाताना डबा ठेवून गेली होती.

"आधी मला जेवू घाल," माई म्हणाल्या. "डाव्या हाताने फार सांडतं."

केतकी हात धुऊन आली. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, वांग्याचं भरीत, ठेचा आणि चिरलेला कांदा. तिने ताट वाढलं आणि माईंच्या समोर मांडी घालून बसली.

सवयीने तिने शिकवायलाच सुरुवात केली. माई, डोळे मिटा. आता चव कुठे लागते ते बघा. सावकाश चावा, मी मोजते.

माईंनी शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. केतकी मनातल्या मनात मोजत राहिली. आकडा पुरा झाला तसा तिने दुसरा घास पुढे केला. माईंच्या तोंडात पहिला अजून तसाच होता. भरीत ओठांवरून घसरलं आणि लुगड्यावर पडलं.

केतकी ओशाळली. पदर पुसायला धावली.

"राहू दे," माई म्हणाल्या. "भरीतच आहे, शाई नव्हे."

यानंतर केतकीने मोजणं सोडून दिलं. माईंना दातच मोजके होते. त्यांच्या हिशेबाला तिचा आकडा पुरणार नव्हता.

ती नुसती बघू लागली.

माईंची हनुवटी थांबली की घास द्यायचा. नजर ठेच्याकडे गेली की पुढच्या घासाला ठेचा लावायचा. एकदा गळ्याशी काही अडल्यासारखं झालं. माईंनी मागायच्या आत केतकीने पाण्याचं भांडं ओठांना लावलं. कांदा नको होता, तेही तिच्या ध्यानात आलं. भाकरीचा कडक काठ ती बाजूला ठेवू लागली.



पुढे केतकी हा प्रसंग मनालीला सांगायची, तो त्याच मेसमध्ये, दोघी जेवत असताना. गट तेव्हा मोडला होता आणि मुली जेवताना पोटभर गप्पा मारत होत्या. सांगता सांगता ती इथे हमखास थांबायची. म्हणायची, त्या वेळी नदीचा आवाजसुद्धा मला ऐकू येत नव्हता. फक्त माईंचा चेहरा दिसत होता.

अर्धी भाकरी संपली. माईंचं चावणं संथ झालं. केतकीने घास लहान केला, मग आणखी लहान. त्यापुढचा घास तिने उचलला, माईंच्या तोंडापर्यंत नेला...

आणि हात तिथेच थांबला. घास परत ताटात आला.

"झालं ना, माई?"

"झालं." माईंच्या डोळ्यांत हसू होतं. "मी काही बोलले का?"

"नाही."

"हात आडवा केला?"

"नाही."

"मग?"

 सांगता येईल असा एकही नियम तिला सापडेना.

"मी तुमच्याकडे बघत होते," ती शेवटी म्हणाली.

माईंनी मान डोलावली. डावा हात तिच्या केसांवरून फिरवला, तिची आई शिकायला यायची तेव्हा आईच्या केसांवरून फिरवत असत तसा.   केतकीने घाईघाईने माईंचं तोंड पुसलं, डब्याचं झाकण लावलं. आता निघते म्हणाली. मनालीशी बोलायला हवं होतं आणि बसही चुकवून चालणार नव्हतं.

"अशी कशी जातेस?" माई म्हणाल्या. "अर्धी भाकरी उरली आहे. तुझ्याबरोबर जी पोर आली आहे, तिलाही भरव. मला भरवलंस ना, तसंच."

केतकीने मागे वळून पाहिलं.  बाहेर अंगणात फक्त तिच्या चपला होत्या.

"माझ्याबरोबर कुणी नाही, माई. मी एकटीच आले."

"हो ना..." माई तिच्याकडेच बघत म्हणाल्या. "म्हणूनच ती उपाशी आहे."