महाराजांचं इंग्रजी आणि केरूची पिकदाणी

इंग्रज सरकारच्या एजंट साहेबाच्या सासूबाई वारल्या आणि हिवरकोट संस्थानावर संकट आलं.

साहेब पुलाच्या मंजुरीसाठी आला होता. पावसाळ्यात नदीपलीकडची गावं तुटत, बाळंतिणी अलीकडे येऊ शकत नसत. सही तेवढी बाकी होती. इतक्यात तार आली. साहेबाने टोपी काढून मान खाली घातली. जगदेवराव महाराजांना वाटलं, शिकलेलं इंग्रजी चालवायची हीच वेळ. त्यांनी साहेबाचा हात धरला आणि भर दरबारात म्हणाले, "सो, शी किक्ड द बकेट."

अर्थाने यात चूक नव्हती. इंग्रज माणसाने बादलीला लाथ मारली म्हणजे तो मेलाच. पण ही बोली गुत्त्यातली. सुतकाच्या घरी जाऊन 'म्हातारी गचकली का?' म्हणून विचारावं, तसं ते झालं. साहेबाने टोपी घातली, बिनसहीचे कागद उचलले आणि घोडा गाठला.

महाराजांनी त्र्यंबक मास्तरांना बोलावलं. मास्तरांना पुण्याहून आणलं होतं ते इंग्रजी वाक्प्रचार शिकवायला. महाराजांनी ते शंभरावर पाठ केले होते आणि जेवताना, कुस्ती बघताना, देवळात घंटा वाजवतानाही ते म्हणत असत. मास्तर चाचरत म्हणाले, अर्थ बरोबर होता, जागा चुकली.

"जागा?" महाराज म्हणाले. "इंग्रजी काय शेतात पेरतात, जागा बघायला?"

मग हुकूम सुटला. साहेब दसऱ्याला पुन्हा येणार होता. त्याच्यापुढे महाराज आपले वाक्प्रचार चालवणार आणि ते ऐकून साहेब खूश झाला पाहिजे. नाही झाला, तर मास्तरांची गाढवावरून धिंड. गाढव आणून वेशीत बांधलंसुद्धा. त्याला रोज हिरवा चारा मिळू लागला. मास्तरांचं मात्र जेवण सुटलं.

हे सगळं केरू बघत होता. केरू म्हणजे महाराजांचा हुजऱ्या. गादीच्या डाव्या अंगाला चांदीची पिकदाणी घेऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. महाराज दरबारात विड्याशिवाय बसत नसत. विडाही जर्द्याचा, गिळला तर चक्कर येणारा. आणि राजाची पिंक पिकदाणीबाहेर पडली तर राज्य जातं, असं त्यांच्या आजोबांनी घालून दिलेलं. तेव्हा केरूने पिकदाणी पुढे केली की महाराज मोकळे, नाहीतर गाल फुगवून, तोंड मिटून बसलेले. आजवर केरूने कधी उशीर केला नव्हता, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. केरूच्या आलं.

तो हात जोडून पुढे झाला. म्हणाला, महाराजांचा एकही वाक्प्रचार वाया जाणार नाही आणि साहेब हसत जाईल. न गेला, तर मास्तरांच्या मागे गाढवावर मीही बसतो.

"तुला येतं इंग्रजी?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज. मला पिकदाणी धरता येते. ती कधी पुढे करायची ते त्या दिवशी मी ठरवीन. आपण मागायची नाही, एवढा शब्द द्या."

महाराज हसले. पिकदाणीवाल्यालाही मान हवासा झाला म्हणाले, आणि शब्द देऊन बसले.

दसऱ्याचा दरबार भरला. महाराजांनी विडा तोंडात घातला. साहेबाच्या खुर्चीमागे मास्तर उभे. मास्तरांनी पगडीला हात लावला तरच पिकदाणी हलायची, असं दोघांत ठरलं होतं.

साहेब सासूबाईंबद्दल बोलू लागला. महाराजांचे डोळे चमकले. बादली ओठांपर्यंत आलेली केरूला दिसली. महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. केरूने छताकडे पाहिलं. महाराजांनी डोळे वटारले. केरू झुंबर बघत राहिला. शेवटी जर्दा चढला आणि महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साहेबाने ते पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला.

मग पुलाची गोष्ट निघाली. साहेब आडवळणाने बोलू लागला. वरचे अधिकारी असं म्हणतात, इंजिनियर तसं म्हणतात, नदी कधी अशी असते, कधी तशी. महाराजांना बोलता येईना, म्हणून जन्मात प्रथमच ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली. मास्तरांचा हात पगडीला गेला. पिकदाणी पुढे आली.

महाराज मोकळे झाले, ओठ पुसले आणि म्हणाले, "साहेब, लेट अस नॉट बीट अबाउट द बुश."

म्हणजे हाकाऱ्यांनी नुसती झुडपं बडवत बसावं आणि वाघाला कुणी हात घालू नये, तसं करू नका. मुद्द्यावर या.

साहेब शिकारी गडी. मांडीवर थाप मारून हसला. वर्षभर मी तेच करतोय, म्हणाला, आणि सही केली. तोवर केरूने महाराजांपुढे दुसरा विडा धरला होता.

निरोपाच्या वेळी पिकदाणी पुन्हा हलली. महाराज म्हणाले, हा पूल म्हणजे "अ फेदर इन युवर कॅप." टोपीत पीस, आपल्याकडचा शिरपेचातला तुरा. साहेब टोपी हलवीत, हसत गेला.

तो दिसेनासा झाला तसे महाराज केरूवर उखडले. "शंभर पाठ केले होते आम्ही! बाहेर आले दोन. एकही वाया जाणार नाही म्हणाला होतास ना?"

"गेला का, महाराज?" केरू म्हणाला. "बुरुजावर तोफा पुष्कळ आहेत. साहेब आला तेव्हा सलामीला दोनच डागल्या. बाकीच्या भरलेल्याच आहेत. साहेब हसत गेला तो डागलेल्या ऐकून, आणि नीट वागेल तो न डागलेल्यांच्या धाकाने."

महाराजांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचं पोट हलू लागलं. ते इतके हसले की मास्तरही भीत भीत हसले. मास्तरांना तिथेच शेला मिळाला.

"आणि तुला काय हवं, केरू?" विचारून महाराजांनी नवा विडा तोंडात घातला.

"वेशीतलं गाढव द्या, महाराज. समोर बांधलेलं असलं की कुणाला तरी बसवावंसं वाटतं."

महाराजांना हसू अनावर झालं. गाल विड्याने भरलेले, हात हवेत, डोळे पिकदाणीवर.

या वेळी केरूने उशीर केला नाही.